छिडकाव, ताला, इनकार

माझ्या पोटच्या मुलीला मी बावीस दिवस दाराबाहेर ठेवलं. भांडणतंटा काही झाला नव्हता. नाकावर चष्मा, हाताखाली माऊस आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या बाईचा तोरा, एवढ्या तयारीनिशी मी तो पराक्रम केला. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते, बालाघाटच्या एका शाळेत सकाळपाळीला मराठी शिकवत होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. आता सत्तरी उलटली आहे. त्रेपन्न वर्षांच्या त्या बाईची मला कीव येत नाही, हसूच येतं.

या पराक्रमाची दीक्षा मला ज्यांनी दिली ते ठवरे भाऊजी आमच्याच गल्लीत राहत. मलेरिया खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सारं गाव त्यांना ‘मलेरिया साहेब’ म्हणायचं. कुणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी त्यांची नजर पाण्याकडे जायची. रांजणात डोकावायचे, कुंडीखालची बशी उपडी करायचे, कूलरची जाळी उचलून आत बोट बुडवायचे. एका लग्नात नवरदेवाच्या बापाला मिठी मारता मारता त्यांनी मागच्या हातानं फुलदाणी ओतून दिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"वहिनी, कूलरातलं पानी बदलवलं का?"

"बदललं की."

"कधी?"

इथे मी चहा टाकायला उठायची.

तीस वर्षं त्यांनी बिरसा आणि परसवाड्याकडच्या जंगलातल्या गावांत डीडीटी फवारण्यात घालवली. फवारणी झाली की घराच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहायची आणि शेरा मारायचा. शेरे तीनच, खात्याच्या हिंदीतले. फवारलं तर ‘छिडकाव’. दाराला कुलूप असलं तर ‘ताला’. आणि घरमालकानं फवारू दिलं नाही तर ‘इनकार’.

"तालावाल्याचा मले राग नाही येत," भाऊजी सांगायचे. "तो बिचारा वावरात गेला रायते. इनकारवाल्याच्या घरी मी तीनदा जातो. पह्यल्यांदा साहेब बनून, दुसऱ्यांदा पाव्हना बनून. तिसऱ्यांदा उंबऱ्यावर बसून रायतो, बोलतच नाही."

बिरशाकडच्या एका गावात एका बड्या शेतकऱ्यानं त्यांना असंच अडवलं होतं. भिंती पांढऱ्या होतात, देव विटाळतात, नाही म्हणजे नाही. भाऊजी तिसऱ्या खेपेला सकाळपासून त्याच्या उंबऱ्यावर बसले. दुपारी घरातली बाई मागच्या दारानं आली आणि पथकाला म्हणाली, आधी माझं स्वयंपाकघर घ्या, दोन लेकरं तापानं फणफणली आहेत. पुढच्या दारात मालक मिशीवर ताव देत उभा, आणि मागून अर्धं घर फवारून झालेलं! हे सांगताना भाऊजींचा चेहरा लाडू चोरून खाल्लेल्या पोरासारखा व्हायचा.

त्यांच्या नोकरीच्या शेवटी खात्यात कॉम्प्युटर आला. बाकीचे बाबू त्याच्यावर फडकं टाकून लांब बसायचे. भाऊजी म्हणाले, "तीस सालं मच्छराले नाही भ्यालो, याले काय भिऊ?" आणि शिकले. निवृत्तीनंतर गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर अडला की तेच जायचे. कूलर तपासायचे, मग कॉम्प्युटर.

आमच्या घरचा कॉम्प्युटर मीनलचा, आमच्या मुलीचा. तिनं हैदराबादला स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. त्या दिवसापासून माझ्या यजमानांनी जाहीर केलं की या घरात तिचं नाव निघणार नाही. हे सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. फाईल बंद म्हणजे बंद. फोन हे उचलायचे आणि तिचा आवाज ऐकताच खाली ठेवायचे. मीही आधी मुकाट राहिले. आज लिहायलासुद्धा लाज वाटते, पण राहिले. मग एक दिवस भाऊजींना म्हटलं, मला ईमेल शिकवा. हे चार ते सहा वाचनालयात असत. त्या वेळात फोनची तार कॉम्प्युटरला जोडायची, त्यातून कर्कश किंकाळ्या निघायच्या आणि मग मीनलचं पत्र उतरायचं. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, मधे मधे हिंदी. माझ्यातल्या मराठीच्या बाईला ते वाचताना घाम फुटायचा. आईला फुटत नसे.

आणि त्याच सुमारास यंत्राला रोग लागला. इंटरनेट जोडलं की पडद्यावर पाटी यायची, साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होईल. एकोणसाठ, अठ्ठावन्न... आणि बंद! ह्यांनी ते एकदा पाहिलं.

"ज्याची वस्तू, तसाच गुण," हे म्हणाले. "भंगारवाल्याला देऊन टाक."

"भंगारवाला आला तर त्याला सांगा, गाडी मोठी आण," मी म्हटलं. "कॉम्प्युटरबरोबर मलाही न्यायचंय."

हे पेपरात डोकं घालून बसले.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "आंटी, यही ले लो, सब यही ले जाते हैं." आंटी म्हटल्याचा राग मनात धरून मी ती अँटिव्हायरसची सीडी घेतली. घरी एका मासिकाबरोबर आलेली दुसरी फुकटची होतीच. एकीपेक्षा दोन बऱ्या, म्हणून दोन्ही टाकल्या. कॉम्प्युटर असा गारठला की बंद करायचं बटणसुद्धा ऐकेना.

भाऊजी आले. कूलर पाहिला. मग पडदा पाहिला.

"दोन दवाया एकाच टाकीत काहून ओतल्या जी? त्या एकमेकीलेच रोग समजून राह्यल्या ना!"

"मग कोणती ठेवू? दुकानातली भारी दिसते, डबा चांगला आहे."

"डबा भिंतीवर फवारता का? हे पाहा, आमचे मच्छर डीडीटी पिऊन जगाले लागले, तवा आमी दवाई बदलवली. इथंही तसंच. नवीन रोगाची नवीन दवाई जिची दर हप्त्याले येते, ती खरी. आन ती दवाई आपल्या फोनच्या तारेवरून उतराले किती टाइम लागते तेही पाहा. दुकानवाली अर्धा दिवस उतरत राहीन, तवरिक साहेब वाचनालयातून परत येतीन."

शेवटी मासिकातली हलकी सीडी राहिली. भाऊजींनी आपल्या यंत्रावर उतरवून आणलेलं दुरुस्तीचं औषध त्या साठ सेकंदांच्या रोगाला पाजलं. मग म्हणाले, "हे झालं घरातल्या भिंतीचं. आता मच्छरदानी लावू."

मच्छरदाणी म्हणजे फायरवॉल. "तुमी मराठीच्या बाई, म्हनान आगीची भिंत. आग-बीग काही नाही. कोनी आत येऊन राह्यलं, कोनी बाहेर जाऊन राह्यलं, तं ही तुमाले विचारीन. ओळखीचं असलं तं हौ म्हना. नसलं तं नाही." जाताना त्यांनी खिशातून मार्कर काढला, कॉम्प्युटरच्या डब्यावर तारीख लिहिली आणि पुढे शेरा मारला: छिडकाव. दर पंधरवड्याला येऊन ते पुढची तारीख घालणार होते.

त्यानंतर मी जो दरारा बसवला! पाटी आली की नाही. पुन्हा आली की पुन्हा नाही. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलांना मी इतक्या झटपट कधी हाकललं नव्हतं.

त्याच आठवड्यात मीनलचं पत्र आलं. आई, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण आहे. येऊ का? बाबांना विचारून लवकर सांग, नाहीतर इथल्या दवाखान्यात नाव घालावं लागेल.

बाबांना मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मी रोमन अक्षरांत तीनदा ‘ये’ टाइप केलं. हिंदीत ‘ये’ म्हणजे ‘हे’; हिंदीवाल्यानं वाचलं तर त्याला ‘हे, हे, हे’ वाटावं, असं ते पत्र. पाठवायचं बटण दाबलं, तेवढ्यात फायरवॉलची पाटी वर आली: अमुक अमुक प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ पाहतो आहे, जाऊ द्यायचं का? ते अमुक अमुक म्हणजे लांबलचक इंग्रजी नाव, मधे टिंब, शेवटी तीन अक्षरं. पत्रांच्या प्रोग्रामला मी ‘लिफाफा’ म्हणत असे. त्याचं खरं नाव मला ठाऊक कुठे होतं? म्हटलं, मुलीला पत्र धाडते आहे तेवढ्यात हा कोण चोर घुसतोय? नाही! खाली चौकोन होता, पुन्हा विचारू नका. त्यातही टिचकी मारली. मागोमाग आणखी एक पाटी आली, ती न वाचता बंद केली. आणि मग, खोटं कशाला सांगू, उठून स्वतःसाठी चहा केला.

पंधरवड्याची तारीख आली, पण भाऊजी भावाकडे मलाजखंडला गेले होते. मी रोज चारला यंत्र लावायची, ती पाटी बंद करायची आणि कोरा पडदा पाहायची. मी ये म्हटलं आणि ही गप्प! आधी काळजी वाटली, मग राग आला. चार ते सहा घरचा फोन माझ्याच हाताशी होता. लावला नाही. बापावर गेली आहे, म्हणाले मनात. आईवर गेली होती, तीही तिकडे माझ्यासारखीच पत्राची वाट पाहत होती, हे कळायला बावीस दिवस लागले.

बाविसाव्या दिवशी भाऊजी तारीख घालायला आले. लिफाफा उघडून पाहत राहिले.

"वहिनी, हे पत्र इथंच पडून आहे. निंगालंच नाही."

पत्र वाचायला उघडावं लागत नव्हतं. त्यात होतंच काय? त्यांनी फायरवॉलच्या यादीत जाऊन माझा ‘नाही’ पुसला. तार जोडली. माझे तीन ‘ये’ निघून गेले आणि तिची पाच पत्रं उतरली. शेवटच्यात एकच ओळ होती: समजलं आई, इथेच नाव घातलंय.

मी उठले आणि तार कॉम्प्युटरची काढून फोनला लावली. हे नेमके त्याच वेळी वाचनालयातून परतले. मी नंबर फिरवताना पाहून त्यांनी हात पुढे केला.

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं. "तीस वर्षं या घराचं दार मी झाडलंय. माझी मुलगी त्यातून आत येणार. तुम्हाला पटत नसेल तर परसवाड्याला भावाकडे जाऊन राहा, बॅग मी भरते."

हे भाऊजींकडे वळले. "ठवरे, हे आमच्या घरचं आहे."

"म्हनूनच तं," असं म्हणत भाऊजी उठले आणि जाऊन उंबऱ्यावर बसले. तिसऱ्या खेपेचं बसणं.

पलीकडून मीनलचा आवाज आला. मी रडत होते की ओरडत होते, मला सांगता येणार नाही. हे बाहेर पडायला दारात आले, पण उंबऱ्यावर भाऊजी, जायला वाट नाही. मागे वळावं तर फोनवर मी. शेवटी भिंतीकडे पाहत म्हणाले, "गोंदियाला गाडी किती वाजता येते, ते विचार तिला."

मीनल आली. सातव्या महिन्यातला प्रवास, जावयांनी पोचवली. माझी नात बालाघाटला जन्मली, आणि आज मला फोन शिकवताना खदखदून हसते. मी म्हणते, हस, पण त्या बावीस दिवसांत माझ्या ‘नाही’मुळे दाराबाहेर तूही होतीस.

भाऊजींना जाऊन आता अकरा वर्षं झाली. तो डबा मी भंगारात दिलेला नाही. त्यावर तारखांची रांग आहे, प्रत्येकीपुढे छिडकाव. एकाच तारखेपुढे त्यांनी काही लिहिलं नाही, ती त्या बाविसाव्या दिवसाची. मीनल आली त्या दुपारी ते तिला पाहायला आले, तेव्हा मी डब्याकडे बोट दाखवून म्हटलं, "भाऊजी, लिहा इथे इनकार. माझ्या हातानं झालाय, लाजू नका."

त्यांनी मार्कर काढला, टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"वहिनी, तीस सालं मी लोकाइच्या भिंतीवर इनकार लिवत फिरलो. पन बाहेरून नाही आन आतून हौ, हौ, हौ म्हनून राह्यलेलं घर मी पह्यल्यांदाच पाह्यलं, त्याच्यापुढं काय लिवाचं ते खात्यानं सांगतलंच नाही. आता पोरगी आली ना घरी? तं उठा, कूलरातलं पानी फेका."