चाकांवरचे घर आणि दांड्याची घट

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही वजन पूर्ण मानलेले नाही. फैजपूरला चाळीस वर्षे त्यांनी केळीची खरेदी केली. घडाबरोबर दांडाही तोलला जातो, म्हणून काट्यावर भरेल त्यातून दांड्याची घट वजा करायची, ही त्या धंद्याची रीत. बाकीचे व्यापारी ती काट्यावरच सोडून घरी जातात. हे घरी घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांचे वजन ब्याऐंशी किलो सांगितले तेव्हा म्हणाले, "हाडं वजा करून सांगा." नातू जन्मला तेव्हा त्याच्याही वजनात त्यांनी थोडी घट धरली, आणि सुनेने दोन दिवस अबोला धरला. मी नोकरीभर हिशेब तपासले आहेत. त्यांच्याबरोबर साधी भाजी आणायला गेलो, तरी थकून परततो.

धंदा मुलाकडे दिल्यावर त्यांनी ठरवले, अक्काला समुद्र दाखवायचा. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी मेहुणी. गुडघ्यांमुळे तिला लॉजचे जिने चढवत नाहीत आणि परक्या पलंगावर झोप येत नाही. म्हणून साडूंनी जळगावच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चाकांवरचे घरच बनवून घेतले. त्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर टेकायचा. आत लोखंडी पलंग, ओटा, पाण्याची टाकी, आणि अक्काच्या हट्टाने पाटा-वरवंटा.

"पिकअप किती ओढते ते पाहिलंत का, नाना?" मी विचारले.

"केळीच्या हंगामात हिनं काय नाही ओढलं?"

मी गाडीचे पुस्तक उघडले. वीस क्विंटल. मग भर मे महिन्यात, ट्रॅक्टर लावून ते घर वजनकाट्यावर नेले. भरले सव्वीस.

साडूंनी खिशातून पेन काढले. "पाच क्विंटल तर हौद्यात टेकेल हाये. ते ओढायचं काहाले? तो झाला दांडा. वर एक घट. राहिले वीस. बसलं का नाही?"

"नाना, ओढायला सव्वीसच धरायचे. ते पाच हौद्याच्या भारात पुन्हा धरायचे. घाट उतरताना ब्रेकला दांडा कळत नाही."

"तू इचार काटेवाल्याले."

"नाना, मी फक्त तोलतो," काटेवाला म्हणाला.

टाकी काढली, पलंग काढला, ओट्याचा दगड काढला. तीनदा तोलले. अक्का छत्री धरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पाटा तिने स्वतःच उतरवायला सांगितला. तरी साडेएकवीस.

"अजून दीड क्विंटल," मी म्हणालो. घामाने माझी वही भिजली होती.

"भाऊ, मी घरीच राहिली तर?" अक्काने विचारले.

साडूंनी तिच्याकडे पाहिले. मग कागदावर साडेएकवीस लिहिले, त्यातून काही वजा केले नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "चाल, मळ्यात ने."

ते घर आता मळ्यात विहिरीजवळ आहे, चाकांखाली विटा लावून. पलंग, ओटा परत आत गेला. नुसत्या पिकअपने जा, तळमजल्याची खोली मी बघतो, असे मी दोनदा सुचवले. "राहू द्या आता," अक्का म्हणाली. परवा गेलो तेव्हा ती त्या घराच्या खिडकीत बसून महामार्ग पाहत होती. साडू खाली केळीला पाणी देत होते.

"ह्या साऱ्या गाड्या सुरतकडे जाता ना, भाऊ?"

"हो."

"मंग समुद्र इथून किती लांब हाये?"

मला किलोमीटर पाठ होते. नकाशावर मीच मोजले होते.

"जवळच आहे, अक्का," मी म्हणालो.