चिकूच्या बिया आणि मनातली भाषा

मी सरकारी माणूस नाही, हे एक वाक्य मी वेळेवर बोललो नाही. माझी पीएच.डी. गेली ती तिथे.

मी तेव्हा डहाणूच्या एका हायस्कुलात शिकवत होतो. राहायला मसोलीत, आणि डोक्यात मानसशास्त्राची डॉक्टरेट. विषय मोठा ऐटदार निवडला होता: घरात एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी, अशा मुलाचं मन हिशेब कोणत्या भाषेत करतं? प्रयोग मात्र साधा. मुलासमोर चिकूच्या बियांचा ढीग ओतायचा, मनातल्या मनात मोजायला सांगायचं आणि मग विचारायचं, "कोणत्या भाषेत मोजलंस?" पदवी मिळाली की मुंबईच्या कॉलेजात नोकरी, असं जवळजवळ ठरलेलं. बायकोने तिथल्या खोलीचे पडदेसुद्धा मनात शिवून ठेवले होते.

दिवस द्वैभाषिक राज्याचे. राज्य फुटणार असं जो तो म्हणत होता. आपला मुलूख महाराष्ट्राच्या पदरात पडणार की गुजरातच्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा दिवसांत हातात कागद घेऊन भाषेची चौकशी करत हिंडणारा माणूस लोकांना कोण वाटणार? हे कळायला मानसशास्त्र लागत नाही. मला मात्र मानसशास्त्र येत असूनही कळलं नाही. तलासरीकडच्या एका गावच्या पुढाऱ्याने मला 'साहेब' म्हटलं, बैलगाडी दिली, जिलबी मागवली आणि हळूच विचारलं, "पोरांना काय विचारणार, साहेब?" साहेब फुगले. साहेबांनी प्रश्नासकट सगळं सांगून टाकलं. जिलबी गरम होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं डोक्याला तेल चोपडून ओळीने बसलेली. पहिला आला तो वाण्याचा मुलगा, घरी गुजराती बोलणारा. बिया मोजताना त्याचे ओठ स्पष्ट हलत होते: एक, बे, त्रण, चार.

"कोणत्या भाषेत मोजलंस रे?"

"मराठीत, साहेब!" तो असा ओरडला की कौलांवरचे कावळे उडाले.

दुसरा, तिसरा, चौथा, सगळे मराठीत. मग पाड्यावरची एक मुलगी आली. तिने बिया एकेक बाजूला सारत, सावकाश मोजल्या. मी विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "माझी आय मोजते तशी."

सकाळपासूनचं पहिलं खरं उत्तर! मी आनंदाने लिहायला वाकलो, तेवढ्यात फाडकन आवाज झाला. गुरुजींनी तिच्या थोबाडीत मारली होती. "काल काय शिकवलं होतं? मराठी म्हण!"

"मराठी," ती म्हणाली. रडलीसुद्धा नाही. बाजूला सारलेल्या बिया मात्र तिने पुन्हा ढिगात लोटून दिल्या, जणू मोजणंच चुकलं होतं.

मी गुरुजींचा हात धरला आणि सगळी शाळा ऐकेल इतक्या मोठ्याने ओरडलो. ते खरोखर चकित झाले. "अहो, ओरडता काय, साहेब? तुमच्यासाठीच मारलं ना! उद्या आमचं गाव तिकडे ढकललंत म्हणजे?"

"मी सरकारी माणूस नाही!"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग जिलबी कशी खाल्लीत?"

पुढे जाईन तिथे हेच. काही गावांत पुढारी उलट बाजूचा, तिथे मराठी घरांतली पोरं 'दोन, तीन' असे ओठ हलवून "गुजरातीमां!" म्हणून किंचाळायची. तिथे जिलबीबरोबर फाफडा असे, एवढाच फरक. मी सरकारी नाही हे आता मी घसा फोडून सांगत होतो आणि जितकं सांगावं तितकी माणसं डोळे मिचकावत होती.

सगळं गाठोडं घेऊन मुंबईला मार्गदर्शकांकडे गेलो. हे गृहस्थ डहाणूचे चिकू आवडीने खात. डहाणू त्यांनी पाहिलेलं नव्हतं. कागद चाळून ते खूश झाले. "गावागणिक इतकी एकवाक्यता! लिहून टाका. पदवी खिशात."

"ही एकवाक्यता नाही, सर, पाठांतर आहे. एका पोरीला मारून पाठ करून घेतलंय."

"तिचं एक उत्तर वगळा."

"तेच एक खरं आहे!"

"एका उत्तरावर प्रबंध होत नाही," ते शांतपणे म्हणाले. "तुम्हाला पदवी हवीय की भांडण?"

त्यांच्या त्या शांतपणाने माझ्या डोक्यात जाळ झाला. टेबलावर मूठ आपटून मी म्हणालो, "भांडण!" दौत उलटली, शाई त्यांच्या धोतरावर गेली. ते काहीतरी बोलत होते, पण मी तोवर जिन्यात होतो. नाव कायमचं काढून घेतलं.

घरी आलो तो छाती काढूनच. बायको बोंबील साफ करत बसली होती. तिला सगळं ऐकवलं: गुरुजी कसा राक्षस, मार्गदर्शक कसा निगरगट्ट, आणि मी कसा कडाडलो. मूठ आपटल्याचं तर दोनदा सांगितलं, एकदा पाटावर आपटूनही दाखवली.

तिने बोंबिलाचं डोकं उडवलं आणि मान वर न करता म्हणाली, "मार तिने खाल्ला, नोकरी आपली गेली, आणि मिरवताय तुम्ही."