न मारलेली थाप

भांडुपच्या चाळीत दुपारची भांडी आटोपली की नलिनीवहिनींच्या खोलीत तीन पत्तीचा डाव बसायचा. पैसे नाहीत, चिंचोके. वहिनींच्या हातात दुर्री-पंजा-सत्ती असली तरी चेहरा असा, की समोरची बाई राजांची जोडी टाकून पॅक व्हायची. एकटी शेजारची सुगंधा त्यांना पुरून उरे. ती पानं न उचलताच चाल करी, ब्लाइंड. तिच्यापुढे वहिनी हलकी पानं मुकाट टाकून देत.

"जिने स्वतःची पानंच बघितली नाहीत, तिला कसली भीती घालणार?" त्या म्हणत.

सुगंधाचा नवरा गुणाजी गिरणीतला. संपाला वर्ष उलटून गेलं होतं. त्र्याऐंशीच्या चैत्रातली ती दुपार. वहिनी पत्ते पिसत होत्या आणि बाहेरून सुगंधाची किंकाळी आली.

गुणाजीने तिला बाहेर ढकलून आतून कडी घातली होती. खिडकीतून रॉकेलचा भपकारा येत होता.

"दाराक हात लावलात तर काडी लावतंय!" तो आतून ओरडला.

"पोलीस आलेत रे!" कुणीतरी ठोकून दिलं. गुणाजी नुसता हसला. ते हसू ऐकून माणसं मागे सरली.

सुगंधाचा भाऊ नंदू वहिनींना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचं तो मानतो. सांगा, गिरणीतून बोलावणं आलंय. तुमची थाप कधी कुणाला कळलीय? बाहेर आला की आम्ही धरतो."

वहिनी खिडकीशी गेल्या. वाक्य जिभेवर तयार होतं. गजांपलीकडे गुणाजी उभा होता, सदरा अंगाला चिकटलेला, एका हातात काडेपेटी, दुसऱ्यात काडी. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. काडीकडेही नाही. वर्षभर रोज विचारी, तेच त्याने विचारलं.

"खरा सांगा, वयनी. गिरणीतसून बोलावणा इला?"

"हो म्हणा," मागून नंदू कुजबुजला.

हो म्हटलं, की तो कागद मागणार. कुणी आणला, विचारणार. मग?

"नाही आलं," वहिनी म्हणाल्या. "येईल असंही मला वाटत नाही."

मागे नंदूने कपाळावर हात मारला. काडी पेटीच्या कडेला टेकली. आता थांबून चालणार नव्हतं.

"पोलीसही नाहीत आले, गुणाजी. ती थाप होती. इथं फक्त सुगंधा आहे. अनवाणी उभी आहे आणि फरशी तापलीय. तिला माझ्या खोलीत नेऊ का, सांग."

मग त्याने पहिल्यांदा मान वळवली.

"चपला खय गेल्यो तिच्यो?"

"आतच राहिल्या. तुझ्या पायाशी बघ."

त्याने खाली बघितलं. वाकला, काडी टाकून चपला उचलल्या आणि गजांतून द्यायला लागला. एका हाताने जमेना. काडेपेटी त्याने खिडकीत ठेवली. वहिनींनी आधी चपला घेतल्या, सावकाश, आणि मग पेटी मुठीत धरली.

कडी त्याने स्वतःच काढली. सुगंधा आत धावली आणि पाणी ओतून ओतून त्याला भिजवत राहिली.

"जुगार खेळलात तुम्ही वहिनी, माझ्या बहिणीच्या कुंकवाशी," नंदू म्हणाला. वहिनी काडेपेटी तशीच मुठीत धरून आपल्या खोलीत गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान विद्याधर ऑफिसातून आले, तेव्हा त्या अजून भिंतीला टेकून बसल्या होत्या. चहा विद्याधरांनीच केला.

पुढे कित्येक महिने गुणाजी वहिनींसमोर यायचं टाळी. समोर दिसल्या की जिन्यातून परत फिरे. मग एका सकाळी तो दारात उभा राहिला.

"मुलुंडाक वर्कशॉपात काम गावला, वयनी. सोमवारपासून."

"आत ये की," वहिनी म्हणाल्या आणि पाट सरकवला.