बत्तीस बिट की चौसष्ट

परीक्षा दुपारी दोनला होती आणि बारा वाजता कळलं की परीक्षेचं सॉफ्टवेअर आमच्या कॉम्प्युटरवर चालत नाही.

लग्नानंतर आठ वर्षांनी मी नोकरीसाठी अर्ज केला होता. वयाच्या अटीत बसायचं माझं हे शेवटचं वर्ष. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची होती. नवरा कामानिमित्त पुण्यात, त्यामुळे कुर्डुवाडीच्या घरात मी आणि रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले सासरे, दोघंच.

हेल्पलाइनवरच्या माणसानं विचारलं, "मॅडम, सिस्टिम बत्तीस बिट आहे की चौसष्ट?"

मला काय ठाऊक? त्यानं सांगितलं तसं सेटिंगमध्ये गेले, सिस्टिम उघडली, अगदी तळाशी 'अबाउट'. घाईत तिथल्या एका ओळीत चौसष्टचा आकडा दिसला आणि मी म्हणाले, "चौसष्ट आहे."

"पूर्ण ओळ वाचा."

"बत्तीस बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स चौसष्ट प्रोसेसर."

तो म्हणाला, "मशीन चौसष्टचं आहे, पण आतली विंडोज बत्तीसची. आमचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नाही. आत्ता विंडोज बदलायच्या भानगडीत पडू नका. दुसरा कॉम्प्युटर बघा."

सासरे दारातच उभे होते. म्हणाले, "शेजारच्या बाईंकडं लॅपटॉप हाय की."

त्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. सामाईक भिंतीवरून भांडण झाल्यापासून, दोन वर्षं, दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. सासऱ्यांनी टोपी घातली आणि निघाले. हॉलतिकीट घेऊन मी मागोमाग.

बाईंनी दार उघडलं. सासरे खाली बघत बोलले, "बाई, सुनेची परीक्षा हाय दोनला. आमचा कॉम्प्युटर नडलाय. तुमचा बत्तीसचा हाय का चौसष्टचा, तेवढं बघू द्या."

"ते मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "आत या."

लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं गेली. या वेळी मी ओळ शेवटपर्यंत वाचली, दोनदा. ऑपरेटिंग सिस्टिमही चौसष्टच होती. मग डाउनलोड ऐंशी टक्क्यांवर अडकलं. पावणेदोन झाले तरी आकडा हलेना. दोनला आठ मिनिटं कमी असताना एकदाचा माझा चेहरा पडद्यावर दिसला, आणि खोलीत दुसरं कुणी चालणार नाही म्हणून दोघं बाहेर गेले.

साडेतीनला मी बाहेर आले. ओट्याच्या दोन टोकांना दोघं बसले होते, मधे चहाच्या रिकाम्या कपबश्या.

बाईंनी विचारलं, "सगळे सोडवलेस?"

"दोन राहिले."

यादी लागली तेव्हा माझं नाव शेवटून तिसरं होतं. सासऱ्यांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. आता मी रोज सकाळच्या गाडीनं सोलापूरला ऑफिसला जाते.