पांझरेच्या वाळूत निवडलेल्या दोन काठ्या

गोल्फची काठी घ्यायला धुळ्याला कोणी जातं का, असं एरंडोलच्या स्टँडवर ओळखीच्या बाईनं विचारलं. मी म्हटलं, आम्ही जातो. विषय संपला.

माझी लेक हर्षा नाशिककडं एका गोल्फच्या मैदानावर नोकरीला आहे. काम करता करता खेळायला शिकली आणि चांगली खेळते. एकच खोड. चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला की हिची काठी वाळूत रुतते अन् चेंडू जागच्या जागी. मागच्या वेळी स्पर्धेच्या निवडीत त्यामुळंच नाव गेलं. रविवारी पुन्हा निवड होती. या वेळी नाही जमलं तर खेळ सोडते म्हणून घरी येऊन रडत बसली. मला रडं ऐकत बसायला वेळ नसतो. तिची काठी हातात घेऊन बघितली. पातळ धार, तोंडावरच्या रेघा झिजून गुळगुळीत. म्हटलं, दुसरी घेऊ.

अशा आखूड, तिरक्या तोंडाच्या काठ्यांना वेज म्हणतात. धुळ्यात देवपूरला एक रिटायर इंजिनिअर आपल्या जुन्या तीन वेज विकताहेत, असं तिला मोबाईलवर दिसलं. शुक्रवारी सकाळी तिला घेऊन एसटीत बसले.

पारोळ्यावरून धुळे दीड तास. आपल्याला बायांचं अर्धं तिकीट. सकाळी जाणार असाल तर उजवीकडं बसा, ऊन डावीकडून येतं. पारोळ्याला चहा घेऊ नका, नुसता पाक असतो. आम्ही कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर अन् ठेचा बांधून नेला होता, तो गाडीतच संपवला. धुळे स्टँडवरून देवपूरला रिक्षावाले सांगतील त्याच्या निम्म्यात येतात, फक्त चालायला लागायचं, मागून हाक मारतात.

नाना, म्हणजे ते इंजिनिअर, स्वभावानं बरे. पण तिन्ही वेज त्यांनी पलंगावर दागिन्यासारख्या मांडलेल्या. हर्षानं सगळ्यात चकचकीत होती ती उचलली.

"माय, हाई भारी शे."

"उलटी कर," मी म्हटलं.

खालून बघितलं तर तिचा तळ हर्षाच्या जुन्या काठीसारखाच, अरुंद अन् धारेचा. दुसरीचा तळ रुंद, मागून फुगीर. ती नीट जमिनीवर टेकवली की पुढची कड जराशी उचललेली राहते. वखराचं लोखंडी पातं, आम्ही त्याला पास म्हणतो, ते तोंड खाली करून बसवलं तर मातीत घुसतं अन् बैल अडतात. जरा उताणं बसवलं की मातीतून सरकत जातं. मी नानांना हे वखराचं सांगितलं अन् म्हटलं, वाळूला ही रुंद पाहिजे, अन् कडक जमिनीला ती अरुंद. तिसरी दोन्हीच्या मधली, ती ठेवा तुम्हाला.

नाना हसले. "अक्का, हे गोल्फ आहे, वखरणी नाही. अन् सेट मी फोडणार नाही. तिन्ही घ्या नाहीतर राहू द्या."

म्हटलं, वाळूत चला.

पांझरा नदी तिथून जवळच. पात्रात पाणी थोडं, वाळू भरपूर, म्हशी बसलेल्या. नानांनी वाळूच्या उंचवट्यापलीकडं आपल्या हातातल्या काठीनं सतरंजीएवढा गोल आखला. म्हणाले, पाचातले तीन चेंडू यात पडले तर सेट फोडतो.

आधी चकचकीत वेज मारून बघितली. खपकन रुतली. चेंडू हातभर हलला अन् परत खाली घरंगळला. हर्षाचं तोंड उतरलं. "माय, माले नही जमाव."

मी रुंद वेज तिच्या हातात दिली. "चेंडूकडं बघू नको. त्याच्यामागची वाळू खरवड. पाठ घासू दे, धार नको."

पहिला चेंडू गोलाच्या बाहेर पडला. नानांची मिशी हलली. दुसरा आत. तिसरा आत. चौथ्याला वाळू अशी फर्रकन उडाली की म्हशीनं मान वळवली, अन् चेंडू टप्पकन गोलात. पाचवा मारायची गरज नव्हती. तिनं मारला. तोही आत.

नानांनी दोन्ही वेज स्वतः पुसून पिशवीत घातल्या. वर आम्हाला घरी नेऊन शेवभाजी खायला घातली. वहिनींची, म्हणजे नानांच्या बायकोची, शेवभाजी अशी झणझणीत की नानांनी तेव्हा गळ घातली असती तर तिसरीही मी घेतली असती. जेवताना नाना तिसरी वेज उलटी करून किती वेळ बघत होते.

तुम्ही जुन्या वेज घ्यायला गेलात तर चमक बघू नका. वरच्या रेघांवर नख फिरवा, अडलं पाहिजे. काठी पोरीच्या उंचीला बसते का बघा. अन् वाळूत मारून बघितल्याशिवाय पैसे काढू नका. घेणारी आपण आहोत, लाजायचं विकणाऱ्यानं.

रविवारी दुपारी मी वावरात होते तेव्हा फोन आला. दोनदा चेंडू वाळूत गेला, दोन्ही वेळा एका फटक्यात बाहेर. यादीत हर्षाचं नाव लागलं. मी म्हटलं, बरं झालं, जेवून घे. फोन ठेवला अन् काम सोडून बांधावर जाऊन बसले.

तिची जुनी काठी घरीच राहिली आहे. जमिनीत घुसायची सवय तिची जात नाही. मिरचीच्या रोपांना खड्डे तिच्यानंच पाडते मी. वाकावं लागत नाही.