रविवारचा पेपर सोडून

रविवारी दुपारी लातूरच्या आमच्या होस्टेलमध्ये चिटपाखरूही नसायचं. सगळ्या मुली क्लासच्या पेपरला गेलेल्या. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तिसऱ्यांदा तयारी करणारी मी उमरी गावची मुलगी, त्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. डोकं ठणठणीत होतं. मनातून परीक्षाच उतरली होती, आणि ते घरी सांगायची छाती होत नव्हती.

महिनाभर मी चोरून कॉम्प्युटर शिकत होते. त्या दिवशी ठरवलं, जुन्या लॅपटॉपवर डेटाबेस एकटीनं बसवायचा. जमला तर आजच आईला फोन, नाहीतर निमूटपणे पुन्हा पुस्तकं. डेटाबेस म्हणजे माहितीचे तक्ते सांभाळणारा आणि ते एकमेकांना जोडणारा प्रोग्राम. मी शिकले त्या पद्धतीत तो बसवायला माऊस नाही चालत. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा हातानं टाइप करायची.

पहिल्याच आज्ञेला लॅपटॉपनं पासवर्ड मागितला. टाइप करतेय तर एकही अक्षर उमटेना. कीबोर्ड गेला समजून मी लॅपटॉप उलटा करून झटकला, दोन शिव्याही घातल्या. शेजारच्या तिन्ही कॉट रिकाम्या, विचारणार कुणाला? इतकं एकटं वाटलं की रडूच आलं. शेवटी रागारागानं न दिसणारा पासवर्ड पुरता टाइप केला, एंटर दाबलं आणि गाडी पुढे सरकली. पासवर्ड कुणी वाचू नये म्हणून अक्षरं तो मुद्दाम दाखवत नाही, एवढंच होतं. मग त्यानं विचारलं, पुढे जाऊ का, हो की नाही? दोन वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

भराभर ओळी धावल्या. डेटाबेस सुरू झाला. एक तक्ता केला, त्यात माझं नाव घातलं, परत मागितलं तर त्यानं मुकाट्यानं दिलं. मी मोठ्यानं हसले आणि ऐकायला कुणीच नाही म्हणून लगेच गप्प झाले.

आईला फोन लावून एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे शिकायला लातूरलाच राहावं लागतंय का?"

"नाही. घरूनही होतं."

"मंग कशाला राहायलीस बाई एकटी तिथं? तुझे बाबा रोज जेवताना म्हणतेत, लेकीला बोलवून घेऊ. मीच गप करते त्यांना. म्हनलं, तिला लई डॉक्टर व्हायचंय."

"आई," मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हालाच डॉक्टर लेक पाहिजे."