दहावा खुंट

मासेमारी खात्याच्या कार्यालयात सगळे त्यांना बालवाडीवाले काका म्हणत. खाडीच्या तोंडाशी समुद्रगवताचं कुरण होतं. बोटाएवढी माशांची पिल्लं मोठी होईपर्यंत त्या गवतात दडून राहायची. दर पंधरवड्याला कमरेइतक्या पाण्यात उतरायचं, दहा खुंटांपाशी बारीक विणीचं जाळं ओढायचं, पिल्लं मोजून परत सोडायची, हे काकांचं काम. सव्वीस वर्षांत एक खाडा नाही.

"पोरीच्या शाळेत कधी पाऊल टाकलं नाहीत," बायको आजही डबा भरताना म्हणाली, "ह्या पिल्लांची हजेरी मात्र चुकत नाही."

"शेवटचीच आहे," काका म्हणाले. तिने डब्याचं झाकण लावलं.

यंदाच्या दहा फेऱ्यांत पन्नास पिल्लं मिळाली तरच खाडी राखीव राहणार होती. नाहीतर मोठ्या बोटींसाठी गाळ उपसणारं यंत्र येणार होतं. नऊ फेऱ्यांत एकतीस मिळाली होती; आजची दहावी.

नदीवर धरण झालं तेव्हापासून गोडं पाणी खाडीत येईनासं झालं. उथळ पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट आणि नको तितकं खारट झालं. गवत कुजलं. पिल्लांनी बिऱ्हाड हलवलं, ते पलीकडच्या खोल, गार पट्ट्यात. काकांना हे केव्हाच कळलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तेव्हाच्या अधिकारी मॅडमनी विचारलंही होतं, "काका, दोन खुंट तिकडे ठोकायचे का?"

काकांनी साफ नकार दिला होता. ते जुने दहाही खुंट त्यांनी स्वतःच्या हातांनी ठोकलेले. "जागा बदलली की जुन्या आकड्यांशी मेळ कसा लावणार?" मॅडमना ते पटलं. खाडीच्या बाबतीत काकांच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

आज नवी अधिकारी वही घेऊन काठावर उभी होती. एकेक खुंट रिकामा जात होता. दहाव्यापाशी जाळ्यात एक खेकडा आणि काळी पडलेली पाती आली.

"हा पट तपासायला आलाय," काका म्हणाले. ती कशीबशी हसली.

मग ते खोल पट्ट्याकडे चालू लागले. पाणी छातीपर्यंत आलं, पायांना गार लागलं. त्यांनी एकट्यानेच जाळं ओढलं आणि बादली तिच्यासमोर आणून ठेवली. बादलीत नुसती चांदी वळवळत होती.

"मोजा, बाई."

तिने मोजली. त्रेचाळीस. दुसऱ्यांदा मोजली.

"लिहा की."

"कुठल्या खुंटाखाली लिहू, काका?"

"खुंट नाही. पण मासे आहेत ना समोर?"

"तिथले मागचे आकडेच नाहीत." तिचा आवाज खाली गेला. "मेळ कशाशी लावू?"

काकांनी बादलीवर हाताची सावली धरली. नऊ वर्षांपूर्वी हे वाक्य त्यांचंच होतं.

"यंत्र कुठून खोदत येणार?" त्यांनी विचारलं.

तिने नकाशा उघडला नाही. नुसतं खोल पट्ट्याकडे पाहिलं.

बादलीतलं पाणी तापू लागलं होतं. काका दहाव्या खुंटाकडे वळले. हात बुडवून पाहिला आणि तिथे सोडायचा विचार सोडून दिला. पुन्हा छातीइतक्या पाण्यात गेले, बादली हळूच कलती केली. पिल्लं क्षणात घरी गेली.

परत येऊन त्यांनी हात पुसले आणि दहाव्या खुंटासमोरच्या शून्याशेजारी सही केली.